खापर भुताच्या डोक्यावर

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात फ्लॅनन नावाची ओसाड बेटे आहेत. त्यांतल्या आयलन मोर बेटावरच्या दीपगृहातून डिसेंबर १९०० मध्ये तीन रखवालदार नाहीसे झाले. ही हकिकत आज ज्या थाटात सांगितली जाते, त्यात टेबलावर अर्धवट टाकलेले जेवण असते, उलटलेली खुर्ची असते आणि कसलेले रखवालदार घाबरून रडत होते, देवाचा धावा करत होते, अशा नोंदवहीतल्या नोंदीही असतात. यातले काहीच खरे नाही. २६ डिसेंबरला ‘हेस्परस’ या बोटीतून बेटावर आधी उतरला तो जोसेफ मूर हा बदलीचा रखवालदार. त्याने लिहून ठेवले आहे की स्वयंपाकघरातली भांडी स्वच्छ होती, म्हणजे जेवण उरकून, आवराआवर करून माणसे बाहेर पडली होती. अधीक्षक रॉबर्ट म्युरहेड यांनी पाहणी केली तेव्हा पश्चिमेच्या धक्क्याजवळ, समुद्रापासून ११० फूट उंचीवर ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटलेली, लोखंडी कठडे वाकलेले आणि सुमारे २०० फुटांवरचे गवत मुळासकट उखडलेले आढळले. १५ डिसेंबरच्या दुपारी ती पेटी सुरक्षित करायला गेलेल्या तिघांना लाटेने ओढून नेले असावे, हा त्यांचा निष्कर्ष. जेवण आणि खुर्ची आली ती विल्फ्रिड विल्सन गिब्सन यांच्या १९१२ च्या कवितेतून. रडण्याच्या नोंदी त्यानंतर कुणीतरी रचल्या. लोकांच्या लक्षात मात्र म्युरहेड यांचा अहवाल राहिला नाही, न झालेले जेवण राहिले.

खऱ्या, न उलगडलेल्या बेपत्ता प्रकरणांवर बेतलेल्या अतींद्रिय थरारकथांना सध्या मोठी मागणी आहे. कादंबऱ्या खपतात, त्यांच्या मालिका होतात आणि ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ एवढे शब्द मुखपृष्ठावर आले की अंगावरचा काटा दुप्पट होतो. या प्रकाराबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, ही निव्वळ करमणूक आहे, तिला कसले नियम लावता? दुसरे म्हणते, मेलेल्यांच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा हा धंदा बंदच व्हावा. मला दोन्ही पटत नाहीत. कादंबरीत भूत आले याबद्दल तक्रार नाही; त्या भुताला लेखकाने कोणत्या कामाला लावले, याची चौकशी झाली पाहिजे. माणूस बेपत्ता होतो तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. नेमके काय घडले, हा पहिला. त्या माणसाला तिथवर कुणी आणि कशाच्या भरवशावर पाठवले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कधीच मिळणार नाही, असे होऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा कागदांत आणि साक्षींत पडलेले असते. पहिल्या प्रश्नात भुताला मोकळे रान असावे. दुसऱ्या प्रश्नावर त्याने पांघरूण घालू नये. या साहित्याचा कस लावायचा तर तो इथे.

हा कस लावून पाहायला डॅन सिमन्स या अमेरिकी लेखकाच्या ‘द टेरर’ या २००७ सालच्या कादंबरीइतके चांगले उदाहरण नाही. तिच्यामागची घटना अशी. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश नौदलाची दोन जहाजे आर्क्टिकमधून पॅसिफिककडे जाणारा वायव्य मार्ग शोधायला इंग्लंडहून निघाली. जहाजांवर वाफेची इंजिने होती, तीन वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री होती, हजारो डबाबंद खाद्यपदार्थ होते, हजाराच्या वर पुस्तके होती. जुलैअखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांनी ही जहाजे पाहिली. त्यानंतर त्यांतल्या १२९ जणांपैकी एकही घरी परतला नाही. १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगात एक कागद सापडला. त्यावर मे १८४७ ची सारे कुशल असल्याची नोंद होती आणि त्याच कागदाच्या समासात अकरा महिन्यांनंतरची दुसरी. सप्टेंबर १८४६ पासून जहाजे बर्फात अडकून आहेत, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एकूण २४ जण दगावले, उरलेले १०५ जण जहाजे सोडून दक्षिणेच्या नदीकडे पायी निघाले आहेत, असे त्यात लिहिले होते. लेखी पुरावा म्हणावा असा काय तो एवढाच. त्यापुढचे सगळे ‘गूढ’ म्हणून दीड शतकाहून अधिक काळ जगाने चघळले.

पण ते सर्वांसाठी गूढ होते का? १८५४ मध्ये जॉन रे हा हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर आणि सर्वेक्षक त्या भागात फिरत असताना त्याला इन्युइट लोकांनी सांगितले की काही वर्षांपूर्वी गोऱ्या माणसांचा एक जथा होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसला होता, पुढे त्यांची प्रेते सापडली आणि भांड्यांमधल्या अवशेषांवरून शेवटी त्यांनी आपल्याच मृत सोबत्यांचे मांस खाल्ल्याचे दिसत होते. पुरावा म्हणून त्यांनी चांदीचे काटे-चमचे दाखवले, अधिकाऱ्यांची चिन्हे कोरलेले. रे याने हे लंडनला कळवले आणि गदारोळ उठला. चार्ल्स डिकन्स यांनी ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या आपल्या साप्ताहिकात डिसेंबर १८५४ मध्ये लांबलचक लेख लिहून इन्युइटांचा शब्द ग्राह्य धरायला नकार दिला, उलट त्यांनीच या थकल्याभागल्या माणसांवर हल्ला केला नसेल कशावरून, असा संशय व्यक्त केला. रे याचे उत्तर त्यांनी त्याच साप्ताहिकात छापले, हेही नोंदवले पाहिजे. परंतु इंग्लंडच्या मनाने निकाल आधीच दिला होता. शूर ब्रिटिश नाविक असे करणे शक्य नाही. मग दोष बर्फाचा, दैवाचा किंवा ‘रानटी’ लोकांचा. निष्काळजी नियोजनाचा, घाईघाईत भरलेल्या निकृष्ट डब्यांचा, स्थानिकांकडून जगण्याची रीत शिकण्यात कमीपणा मानणाऱ्या अहंकाराचा दोष कुणाच्याच माथी नीट आला नाही. फ्रँकलिन यांचा पुतळा लंडनमध्ये उभा राहिला.

सिमन्स यांनी या घटनेत एक राक्षस सोडला. ‘टुनबाक’ नावाचे, अस्वलासारखे दिसणारे पण अस्वल नसलेले एक प्रचंड श्वापद बर्फात अडकलेल्या जहाजांभोवती फिरते आणि एकेकाला उचलते. इन्युइट पुराणकल्पनांचा आधार घेऊन लेखकाने ते स्वतः घडवले आहे. आता माझा निकष लावला तर या राक्षसाने नौदलाच्या कचेरीतल्या साहेबांना सोडवले का? बऱ्याच अंशी नाही, आणि हीच या कादंबरीची ताकद. कुजलेले डबे तिच्यात आहेत, हिरड्यांतून रक्त आणणारा स्कर्व्ही आहे, उणे तापमानात कातडीला चिकटणारे लोखंड आहे, शिस्त सुटल्यावर माणूस माणसाला खातो तेही आहे. राक्षस सगळ्यांना मारत नाही. माणसांच्या चुका त्याच्याआधीच मारायला लागलेल्या असतात. वाचक शेवटी ज्याला घाबरतो तो राक्षस नव्हे, सोबतचाच एक खलाशी. अज्ञातासाठी भूत आणि ज्ञातासाठी माणूस, अशी वाटणी इथे लेखकाने बहुतांशी सांभाळली आहे.

तरी एका ठिकाणी ही कादंबरी अडखळते, आणि ते ठिकाण क्षुल्लक नाही. तिच्यातली मुख्य इन्युइट व्यक्तिरेखा ही एक तरुणी आहे. खलाशी तिला ‘लेडी सायलेन्स’ म्हणतात, कारण तिला जीभच नाही. ज्या समाजाने खरे काय घडले ते सांगितले, ज्याचे सांगणे इंग्लंडने दीडशे वर्षे कानाआड केले, त्या समाजाचा प्रतिनिधी कादंबरीत मुका आहे. सिमन्स यांची बाजू घ्यायची तर त्या जीभ नसण्याला कथेत कारण आहे, ते राक्षसाशी बांधलेल्या व्रताचा भाग आहे आणि कादंबरीचा शेवट इन्युइट जगाकडे आदरानेच पाहतो. तरीसुद्धा खऱ्या इतिहासात साक्षीदार बोलत होते आणि ऐकणारे बहिरे होते. कादंबरीत ऐकणारे तयार आहेत आणि साक्षीदार मुकी आहे. भूत आणल्याने झाली नाही एवढी उलटापालट इथे झाली. २०१८ मध्ये याच कादंबरीवरून दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा ती भूमिका ग्रीनलंडच्या इन्युइट अभिनेत्रीला दिली गेली, तिला स्वतःची भाषा मिळाली. जीभ ती गमावते, पण पुढे, आणि तोवर ती बोललेली असते. म्हणजे थरार कमी न करता ही दुरुस्ती शक्य होती.

आणि खऱ्या जगात काय झाले? सप्टेंबर २०१४ मध्ये कॅनडाच्या शोधपथकाला ‘एरेबस’ सापडले, तेही इन्युइटांच्या मौखिक परंपरेने जहाज बुडाल्याचे सांगितले होते त्याच भागात, अवघ्या ११ मीटर खोलीवर. लुई कामूकाक या इन्युइट अभ्यासकाने वडीलधाऱ्यांच्या आठवणी अनेक दशके गोळा केल्या होत्या. शोधाला दिशा मिळण्यात त्या साठ्याचा वाटा मोठा. दोन वर्षांनी ‘टेरर’ सापडले ते सॅमी कॉगविक या इन्युइट गृहस्थांच्या सांगण्यावरून. काही वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना त्यांना बर्फातून वर आलेला एक लाकडी खांब दिसला होता. त्याला मिठी मारून त्यांनी फोटो काढून घेतले, पण घरी पोहोचेपर्यंत कॅमेराच हरवला. हा अपशकुन वाटून ते गप्प बसले. म्हणजे अतींद्रियाची भीती या प्रकरणात खरोखर होती, फक्त ती राक्षसाच्या रूपात नव्हती. मोहिमेतल्या माणसांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा १९९७ च्या संशोधनात नोंदल्या गेल्या होत्याच. २०२४ मध्ये मोहिमेतले कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स यांच्या जबड्याची ओळख डीएनएवरून पटली आणि त्यावरही त्याच खुणा होत्या. रे याला १८५४ मध्ये जे सांगितले गेले त्यावर हाडांनी सही केली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की जहाजे सापडल्यावरही ‘द टेरर’ वाचली जाते. जी कादंबरी केवळ गूढावर जगते, ती गूढ उकलताच मरते. जी माणसांवर जगते, तिला उकल बाधत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कादंबरी म्हणजे कादंबरी, इतिहास हवा असेल त्याने इतिहास वाचावा. तत्त्वतः बरोबर, व्यवहारात मात्र कल्पित गोष्टीला नोंदीची जागा घ्यायला फार वेळ लागत नाही. डिसेंबर १८७२ मध्ये ‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज अटलांटिकमध्ये माणसांविना भरकटताना सापडले. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी गायब, आणि जहाजावरची एकुलती होडीही गायब. म्हणजे माणसे होडीत उतरली होती, एवढे तरी उघड होते. १८८४ मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकात लेखकाचे नाव न देता एक कथा छापून आली. तिच्यात जहाजाचे नाव ‘मारी सेलेस्ट’ झाले, होड्या जागच्या जागी लटकत राहिल्या आणि खलनायक ठरला गोऱ्यांचा सूड घ्यायला निघालेला एक मिश्रवंशीय माणूस. लेखक होते तरुण आर्थर कॉनन डॉयल. काही वाचकांनी ती खरीच हकिकत मानली. आजही अनेकांना जहाजाचे नाव डॉयल यांनी बदलले तेच ठाऊक असते आणि होड्या जागेवर होत्या, हेही ते ठासून सांगतात. दोन तपशील बदलले आणि उकलीची एकमेव ठळक खूण पुसली गेली. शिवाय ठपका कुणावर आला तेही पाहा. डिकन्स यांच्या लेखात इन्युइटांवर, डॉयल यांच्या कथेत काळ्या रक्ताच्या माणसावर. गूढाला चेहरा द्यायची वेळ आली की तो आपला नसलेल्याचा दिला जातो. म्हणून ‘निव्वळ कल्पना’ या ढालीमागे सगळेच लपवता येत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात हमखास येतो, आणि त्यामागची कळकळ खरी आहे. जिथे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर २०१३ मध्ये तो आला, तिथे भुताखेतांच्या कादंबऱ्यांचे कौतुक कशाला, असे विवेकवादी वाचक विचारतो. पण त्या कायद्याचा रोख पाहिला तर तो भुताची गोष्ट सांगणाऱ्यावर नाही. भुताच्या नावाने माणसाला लुबाडणाऱ्यावर, छळणाऱ्यावर आहे. मी म्हणतो तो फरक हाच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाच्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली, त्यामुळे कुणी मांत्रिकाकडे धावल्याचे दिसत नाही. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा करार संपतो. खरे नाव, खरे ठिकाण, खरा बेपत्ता माणूस कथेत आला की मात्र तो करार बदलतो, कारण पुस्तक मिटल्यावरही ती माणसे आणि त्यांची माणसे असतातच. विवेकवाद्यांनी चिंता करायचीच तर भुताची करू नये, भुताच्या आडून कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला त्याची करावी.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्यांचे प्रेतही हाती लागले नाही, त्यांच्यासाठी शोक करायला चौकशी अहवालाची भाषा अपुरी पडते. गोष्ट, गाणे, भूत हीच त्या दुःखाची भाषा आहे. हे मी मान्य करतो, आणि त्याचे उदाहरण मुंबईच्या वाटेवरचेच आहे. ‘वैतरणा’ ही आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिचे अवशेष सापडले नाहीत. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. गुजरातीत तिच्यावर लोकगीते झाली, गुणवंतराय आचार्यांनी १९५४ मध्ये कादंबरी लिहिली आणि गाण्यातल्या कप्तानाचे, हाजी कासमचे, नाव त्या बोटीला कायमचे चिकटले. लग्नाची वऱ्हाडे, परीक्षेला निघालेली मुले, न ऐकलेली सावधगिरीची सूचना, असे सगळे लोककथेने जपले. लोककथेचे ते कामच आहे. तिने शेकडो अनाम माणसांना विसरू दिले नाही. पण मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली होती: बोटीवर जीवरक्षक होड्या आणि साधने पुरेशी नव्हती. ती गाण्यात आली नाही. दैव गाण्यात गेले, कप्तान गाण्यात गेला. ज्यांनी पुरेशा होड्यांविना बोट हाकली ते गाण्याबाहेर सुखरूप राहिले. शोकाला भुताची भाषा हवी, हे खरे. त्या भाषेत जबाबदारीला शब्दच नसावा, असे मात्र कुठे आहे?

हे जमते, याचा पुरावा फ्लॅननच्याच प्रकरणात आहे. एमा स्टोनेक्स यांनी २०२१ च्या ‘द लॅम्पलायटर्स’ या कादंबरीसाठी ती घटना घेतली, पण काळ १९७२ केला, जागा कॉर्नवॉलच्या समुद्रातली कल्पित केली, माणसे नवी घडवली. पछाडल्यासारखे वाटणारे प्रसंग तिच्यात आहेत, तरी कथा पुढे सरकते ती मागे राहिलेल्या बायकांच्या बोलण्यातून. मेलेल्या खऱ्या माणसांच्या तोंडी नको ते घालावे लागले नाही आणि ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना मात्र बोलायला जागा मिळाली. घटना जितकी जवळची तितकी ही काळजी जास्त हवी. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचे एमएच ३७० विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्या कुटुंबांच्या दृष्टीने ही ‘गूढकथा’ नाही, न संपलेली चौकशी आहे. तिथे नावे वापरून भुते नाचवणाऱ्याला कलास्वातंत्र्याचा आधार घेता येईल. वाचकाने मात्र त्याला दाद देण्याचे कारण नाही. प्रकाशकांनी निदान एवढे करावे: ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ ही ओळ छापायची तर शेवटी दोन पाने देऊन घटनेतले किती खरे, किती रचलेले ते सांगावे. थरार त्याने ओसरत नाही. उलट खरे तपशील वाचताना पुन्हा काटा येतो.

मराठीत हा प्रकार अजून कोवळा आहे, म्हणून वळण लावायची वेळ हीच. उद्या कुणी ‘विजळी’वर मराठी भयकादंबरी लिहिली तर आनंदच आहे. बुडालेल्या बोटीचे दिवे अमावास्येला पाण्याखाली पेटू देत, वऱ्हाडातली नवरी किनाऱ्यावर येऊन दार ठोठावू दे, हवी तितकी भुते येऊ देत. फक्त त्यांतल्या एखाद्या भुताने मुंबईतल्या कचेरीत जाऊन मालकाला विचारले पाहिजे की बोटीवर होड्या किती ठेवल्या होत्या. तो प्रश्न विचारणारी कादंबरी भीतीबरोबर न्यायाचीही बाजू राखेल, आणि तो टाळणारी कितीही थरारक असली तरी मालकाच्याच कामी येईल.